तिसरी घंटा न झालेली नाटकं

नेटफ्लिक्सवर 'द स्पाय' नावाची सहा भागांची सीरिज आहे, 2019 ची. सीरियात जाऊन इस्रायलसाठी हेरगिरी करणाऱ्या एली कोहेनची गोष्ट, आणि एलीचं काम केलंय साशा बॅरन कोहेनने. पहिला भाग संपून नावं वर सरकायला लागली तेव्हा माझ्या मनात तोच प्रश्न आला जो बहुतेकांच्या येतो, की हे दोघं एकमेकांच्या नात्यातले का? नाहीत. कोहेन हे ज्यूंमधल्या पुरोहित घराण्यांचं आडनाव, आपल्याकडच्या जोशींसारखं गावोगाव सापडणारं, त्यामुळे दोन कोहेन भेटले म्हणजे भाऊबंद निघतीलच असं काही नाही. एक 1924 मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात जन्मला, दुसरा 1971 मध्ये लंडनला, म्हणजे पहिल्याला फाशी होऊन सहा वर्षं उलटल्यावर.

पण तेवढ्या योगायोगावरून मी वाचत सुटलो आणि मग कळलं की हेरगिरीच्या धंद्यात कोहेन भरपूर आहेत. एलीचा भाऊ मोरीस मोसाद या इस्रायलच्या गुप्तचर संस्थेतच, संदेश उलगडणाऱ्या खात्यात. 2016 पासून 2021 पर्यंत मोसादचा प्रमुख होता योसी कोहेन. बारूक कोहेन नावाचा मोसादचा माणूस 1973 मध्ये माद्रिदला मारला गेला. आणि अगदी उलट्या बाजूला, सोव्हिएत युनियनसाठी काम करणारं मॉरिस आणि लोना कोहेन हे अमेरिकन नवरा-बायको. यातले बरेच जण आपलं आडनाव झाकून दुसऱ्याच नावाने जगले. तसं नटही आडनावं टाकतातच म्हणा. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात? आपले डेव्हिड. ते मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, बेने इस्रायली, आपल्या अलिबागजवळच्या चौलचं नाव आडनावात असलेले. पडद्यावर नुसते डेव्हिड. पण त्यांनी आडनाव टाकलं त्यात कोणाची फसवणूक नव्हती, आणि मला ज्याबद्दल लिहायचंय तो फरक नेमका तिथेच आहे.

मी बरीच वर्षं हौशी नाटकांतून कामं केली. आपल्याकडे नाटकाला तीन घंटा होतात, तिसरी घंटा झाली, दिवे गेले, की आत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की आता जे दिसणार ते खरं नाही. लहान पोरालाही. त्या एका घंटेच्या जिवावर नट स्टेजवर खून करतो, रडतो, दुसऱ्याच्या बायकोला मिठी मारतो आणि प्रयोग संपल्यावर सगळ्यांबरोबर वडापाव खातो. कधीकधी घंटा होऊनही लोक विसरतात, निळू फुल्यांना खऱ्या आयुष्यात बायकांनी शिव्या घातल्याचे किस्से सगळ्यांनीच ऐकलेत, पण ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती होती आणि निळूभाऊंसारखा सज्जन माणूस ती तशीच घ्यायचा. हेराच्या नाटकात घंटाच होत नाही. समोरचा माणूस त्या नाटकात काम करतोय, संवादाला संवाद देतोय, मनापासून हसतोय, जेवायला बोलावतोय, आणि त्याला माहीतच नाही की नाटक चालू आहे. एली कोहेनबद्दल जेवढं म्हणून वाचलं त्यात मला एलीपेक्षा हा समोरचा माणूसच जास्त दिसत राहिला.

एलीचे आईवडील सीरियातल्या अलेप्पोचे. अरबी घरचीच. सुवेझ कालव्यावरून झालेल्या युद्धानंतर इजिप्तमधून ज्यूंना बाहेर काढलं गेलं आणि 1957 मध्ये तो इस्रायलला आला, पुढे हिशेबनिशी वगैरे नोकऱ्या केल्या, 1959 मध्ये नादिया नावाच्या इराकी ज्यू घरातल्या मुलीशी लग्न केलं, बात याममध्ये संसार मांडला. 1960 मध्ये त्याला लष्करी गुप्तचर खात्याने घेतलं. मग ट्रेनिंग. त्याच्या बोलण्याला इजिप्तचं वळण होतं ते घालवून सीरियन वळण बसवायचं, नमाज, कुराण, रीतीभाती, सगळं. ज्यांनी प्रमाण मराठीत वाढून मालवणी नाटकात काम केलंय त्यांना कळेल हे केवढं काम आहे, शब्द येतात हो, हेल येत नाही, आणि रागावल्यावर किंवा ठेच लागल्यावर तोंडातून आपलीच बोली बाहेर पडते. स्टेजवर चुकलं तर लोक हसतात, एवढंच.

नवीन नाव मिळालं, कामेल अमीन थाबेत. परदेशात पैसा कमावलेला आणि मायदेशाच्या ओढीने परत निघालेला सीरियन व्यापारी. त्यासाठी 1961 मध्ये त्याला आधी कुठे पाठवलं तर थेट अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सला, कारण तिथे सीरियन-लेबनीज लोकांची मोठी वस्ती. थेट दमास्कसला उतरला असता तर कोण कुठला म्हणून दहा जणांनी विचारलं असतं, पण ब्यूनोस आयर्सच्या आपल्याच लोकांनी दिलेली ओळखीची पत्रं खिशात घेऊन आल्यावर कोण कशाला विचारेल. मला हा भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो आणि सगळ्यात त्रासदायकही, कारण परदेशात राहणारी माणसं आपल्या गावचं कोणी भेटलं की किती विरघळतात हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या विरघळण्यावरच हे सगळं उभं होतं. तिथल्या लोकांनी त्याला घरी नेलं, पत्रं लिहून दिली, आमच्या भावाला भेट, आमच्या मामांना भेट. तीच पत्रं घेऊन तो 1962 च्या सुरुवातीला बैरूतमार्गे दमास्कसला गेला.

अबू रुम्माना हा दमास्कसमधला श्रीमंत भाग, वकिलातींचा, बड्या लोकांचा. तिथे त्याने फ्लॅट घेतला, लष्कराच्या मुख्यालयाच्या अगदी जवळ. वरकरणी धंदा एक्सपोर्टचा. घरी पार्ट्या व्हायच्या, अधिकारी यायचे, प्यायचे, बोलायचे, आणि यजमान शुद्धीवर राहून ऐकायचा. ओळखी इतक्या वाढल्या की लष्करी माणसांबरोबर तो इस्रायलच्या सीमेवरच्या गोलानच्या टेकड्यांपर्यंत जाऊन आला. त्याच्याबद्दल दंतकथाही बऱ्याच आहेत, तो सीरियाचा उपसंरक्षणमंत्री होणार होता, त्याने लष्कराला ठाण्यांजवळ निलगिरीची झाडं लावायला सांगितली आणि 1967 च्या युद्धात इस्रायली विमानांना ती खुणेसारखी दिसली, वगैरे. झाडांची गोष्ट तर प्रत्येक जण सांगतो. पण इतिहासाचा अभ्यास करणारे यातल्या बऱ्याच गोष्टींवर शंका घेतात आणि मला त्यांचं पटतं. खऱ्या माणसाने जे केलं तेच इतकं आहे की त्याला झाडांची गरज नाही.

रोज सकाळी मोर्सवर संदेश. शेवटी शेवटी फार वेळा पाठवायला लागला, लांबलांब, आणि बऱ्याचदा ठरलेल्या वेळीच. तो असा बेफिकीर का झाला यावर बरंच लिहिलं गेलंय, वरून दबाव होता म्हणतात, सवय झाली म्हणतात. आपल्या दृष्टीने यात एक वेगळाच धागा आहे, बऱ्याच वृत्तांतांत असं येतं की शेजारच्या भारतीय वकिलातीच्या रेडिओ ऑपरेटरांना दिल्लीशी संपर्क करताना व्यत्यय यायला लागला आणि त्यांनी तक्रार केली, आणि तिथून शोध त्या भागाकडे वळला. म्हणजे आपलं काम नीट व्हावं म्हणून साधी तक्रार करणारा एक सरकारी कर्मचारी, तोही या नाटकात एंट्री घेऊन गेला आणि त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. सोव्हिएत बनावटीची यंत्रं आणून सिग्नल शोधला गेला, जानेवारी 1965 मध्ये संदेश पाठवत असतानाच घरात घुसून त्याला पकडलं. पोप सहावे पॉल यांच्यापासून अनेकांनी दयेची विनंती केली. उपयोग झाला नाही. 18 मे 1965 ला दमास्कसच्या मरजे चौकात, लोकांसमोर फाशी.

त्या खटल्यात तो एकटा नव्हता, त्याच्या दमास्कसमधल्या काही ओळखीच्या लोकांनाही उभं केलं गेलं. इथे मी दरवेळी थांबतो. यातले काही बेरकी असतील, फुकटच्या दारूसाठी येणारे असतील, मान्य. पण सगळे? कोणाला तरी कामेल खरंच आवडला असेल ना. बोलका, दिलदार, अडीअडचणीला पैसे देणारा माणूस. तीन वर्षं मैत्री म्हणजे काही कमी नाही हो. आणि एके दिवशी कळतं की असा कोणी माणूस नव्हताच, आणि त्या नसलेल्या माणसाच्या मैत्रीपायी आता आपल्याला कोर्टात उभं राहायचंय. एलीने जे केलं ते त्याने त्याच्या देशासाठी केलं, त्याची किंमत त्याने स्वतःच्या जिवाने दिली, तिथे मी त्याच्यापुढे मान झुकवतो. पण या लोकांना देशद्रोही किंवा मूर्ख म्हणून एका ओळीत निकालात काढलेलं वाचलं की मला बरं वाटत नाही.

आणि समोरचा माणूस काही फक्त शत्रूच्याच गावात नव्हता. बात याममध्ये नादिया होती. नवरा संरक्षण खात्याच्या खरेदीच्या कामाने युरोपात फिरतो एवढंच तिला माहीत. तो अधूनमधून यायचा, भेटवस्तू आणायचा, जायचा. सोफी, इरित आणि मग शाई, अशी तीन मुलं. 1964 च्या नोव्हेंबरमध्ये तो शेवटचा घरी आला, मुलगा नुकताच झाला होता. सीरिजमध्ये इस्रायलचे प्रसंग फिक्या, उडालेल्या रंगात आहेत आणि दमास्कसचे भरभरून रंगीत, आणि ते दिग्दर्शक गिडियॉन रॅफने फार विचारपूर्वक केलंय असं मला वाटलं, कारण खोटं आयुष्य हेच रंगीत होतं, पैसा, सूट, मान, संगीत, आणि खऱ्या आयुष्यात एक बाई एकटी पोरं सांभाळत बसलेली.

मोरीसचं तर त्याहून अवघड. तो ज्या खात्यात होता तिथे दमास्कसच्या एजंटचे संदेश यायचे. त्याने नंतर स्वतः सांगितलंय की त्या संदेशांतल्या घरच्या उल्लेखांवरून त्याला उमगलं की हा माणूस दुसरातिसरा कोणी नसून आपला भाऊ आहे. आणि बोलायचं कोणाशी? आईशी नाही, वहिनीशी नाही, भावाशी तर नाहीच. शनिवारी सगळे एकत्र जेवायला बसत असतील, एली युरोपात कसा आहे म्हणून आई विचारत असेल, आणि दोन्ही मुलगे आपापलं नाटक वठवत असतील. घरातल्या घरात, तेही आईसमोर.

फाशीच्या आधी एलीला नादियाला पत्र लिहू दिलं. माफ कर, मुलांकडे बघ, परत लग्न कर म्हणजे मुलांना वडील मिळतील, गेलेल्यासाठी रडत बसू नकोस, अशा आशयाचं ते पत्र आहे. नादियाने पुन्हा लग्न केलं नाही.

आता दुसरे कोहेन. लंडनच्या पश्चिमेला राइस्लिप नावाचं उपनगर आहे, छोटे बंगले, मागे बाग, एकदम शांत. तिथे पीटर आणि हेलन क्रोगर राहायचे. तो जुन्या दुर्मीळ पुस्तकांचा व्यापारी, पुस्तकात डोकं घालून बसणारा, आणि हेलन म्हणजे मोकळीढाकळी, मोठ्याने हसणारी, शेजाऱ्यांच्या पोरांना जीव लावणारी. हेच मॉरिस आणि लोना कोहेन. मॉरिस न्यूयॉर्कचा, स्पेनच्या यादवीत लढलेला. लोनाने तर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुबॉम्बची माहिती टिश्यूच्या खोक्यात लपवून बाहेर काढली असं सांगतात. राइस्लिपच्या घरात स्वयंपाकघराच्या जमिनीखाली रेडिओ होता आणि त्या सुंदर जुन्या पुस्तकांतून टाचणीच्या टोकाएवढे मायक्रोडॉट, म्हणजे कागदपत्रांचे अतिशय बारीक केलेले फोटो, जायचे.

ब्रिटिश गुप्तचरांना संशय आल्यावर त्यांनी काय केलं, तर समोरच्या घरातल्या कुटुंबाला विनंती करून त्यांच्या वरच्या खोलीत पाळत ठेवायला माणसं बसवली. हे समोरचं कुटुंब क्रोगरांचं जिवलग मित्र. म्हणजे बघा, हेलन मैत्रिणीकडे चहाला येते, खोटं नाव लावून, आणि मैत्रीण तिला चहा देते, वर माहिती लपवून. दोघी एकमेकींशी नाटक करतायत आणि तरी दोघींची माया खोटी नाही. मैत्रिणीला हे फार लागलं. यावर पुढे नाटकही आलं लंडनमध्ये, आणि यायलाच हवं होतं, कारण हेरगिरीच्या सगळ्या गोष्टींत मला हा प्रसंग सगळ्यात नाटकाचा वाटतो. बंदुका नाहीत, पाठलाग नाही, दोन बायका आणि एक किटली.

7 जानेवारी 1961 ला क्रोगर ज्या हेरांच्या टोळीत होते तिच्यातले तिघे पकडले गेले तेही कुठे, तर वॉटर्लू रोडवर, ओल्ड व्हिक थिएटरजवळ. त्याच संध्याकाळी पोलीस क्रोगरांच्या दारात. निघताना हेलन म्हणाली, बॉयलरमध्ये जरा कोळसा घालून येते. पोलीस अधिकारी म्हणाला, आधी पर्स दाखवा. पर्समध्ये मायक्रोडॉट. शेवटच्या क्षणापर्यंत गृहिणीची भूमिका सोडली नाही तिने, आणि ती भूमिका निवडलीही किती अचूक, थंडीच्या रात्री घरातली बाई बॉयलरकडे जाणारच की. वीस वर्षांची शिक्षा झाली, 1969 मध्ये अदलाबदलीत सुटले, मग मॉस्को. लोना 1992 मध्ये गेली, मॉरिस 1995 मध्ये. परत कधी समोरच्या घरी चहा झाला नाही.

आणि आता नट कोहेन. हा केंब्रिजला इतिहास शिकला, आई इस्रायलची, आजी हैफात राहायची, त्याला हिब्रू उत्तम येतं. त्याचं बोरॅट नावाचं कझाकस्तानी पात्र जे कझाक म्हणून बोलतं ते बरचसं हिब्रूच आहे. हा बाकीच्या नटांसारखा नट नाही, आणि म्हणूनच एलीच्या भूमिकेत तो मला इतका बरोबर वाटला. त्याचं सगळं नाव झालंय ते तिसरी घंटा न देता केलेल्या कामावर. अली जी, बोरॅट, ब्रूनो, दरवेळी समोर खरी माणसं, त्यांना वाटतं की खरीच मुलाखत चाललीय. वर्षानुवर्षं पत्रकारांनाही तो पात्र बनूनच मुलाखती द्यायचा. 2018 च्या 'हू इज अमेरिका'मध्ये तर एरान मोराद नावाचा मोसादचा माजी माणूस बनून अमेरिकन राजकारण्यांना भेटत होता, खोटा मोसादवाला, आणि पुढच्याच वर्षी खऱ्याची भूमिका. त्या कार्यक्रमामुळे जॉर्जियातल्या एका आमदाराला राजीनामा द्यावा लागला. 2020 च्या दुसऱ्या बोरॅटसाठी लॉकडाउनमध्ये दोन अनोळखी माणसांच्या घरी तो पाच दिवस बोरॅट म्हणूनच राहिला, उठताना बोरॅट, जेवताना बोरॅट, झोपताना बोरॅट. पाच दिवस. मला दोन तासांच्या प्रयोगानंतर मेकअप पुसल्याशिवाय धड बोलता यायचं नाही. नंतर मुलाखतीत तो त्या दोघांबद्दल आपुलकीने बोलला, ते ऐकून मला राइस्लिपचा चहा आठवला.

सत्तेतल्या माणसाला असं फसवून त्याच्या पोटातलं बाहेर काढणं मला मान्य आहे, आनंदाने मान्य आहे. त्याला वकील असतात, सेक्रेटरी असतात, त्याने सावध असावं. पण 2006 च्या बोरॅटमधलं कझाकस्तानातलं गाव हे प्रत्यक्षात रोमानियातलं ग्लोद नावाचं गरीब रोमा लोकांचं गाव आहे. तिथल्या लोकांचं म्हणणं, आम्हाला वाटलं आमच्या हलाखीवर डॉक्युमेंटरी चाललीय, हातावर थोडेसे पैसे ठेवले. एक हात नसलेल्या म्हाताऱ्याला त्या जागी रबरी वस्तू बांधून चित्रीकरण केलं, ते सेक्स टॉय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं असं तो म्हणाला. गावातल्या लोकांनी अमेरिकेत दावा लावला, तो टिकला नाही. पिक्चर मीही बघितला, पोट धरून हसलो, आणि ग्लोदबद्दल वाचल्यापासून तो सुरुवातीचा गावाचा सीन मला बघवत नाही. समोरच्याला माहीत नसणं आणि समोरच्याकडे काहीच नसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती कला राहत नाही असं माझं ठाम मत झालंय.

'द स्पाय'मध्ये मात्र साशाने हसवायचं काहीच हातात ठेवलं नाही. दमास्कसच्या पार्टीत तो सगळ्यांशी हसतोय आणि डोळे मात्र दाराकडे, खिडकीकडे, कोण कोणाशी बोलतंय तिकडे. ती नजर मला वाटतं शिकवून येत नाही, ती वीस वर्षं अनोळखी लोकांसमोर पकडलं जायच्या भीतीत उभं राहिल्याने आलीय. अर्थात त्याच्यामागे कॅमेरावाले असतात, बाहेर गाडी चालू असते, संमतीचे कागद सही झालेले असतात. एलीच्या मागे कोणी नव्हतं.

2018 मध्ये मोसादने एलीचं मनगटी घड्याळ परत मिळवलं आणि योसी कोहेनने ते जाहीर केलं, घड्याळ नादियाकडे आलं. 2025 च्या मे महिन्यात, फाशीला साठ वर्षं झाली तेव्हा, सीरियाच्या जुन्या दप्तरातले सुमारे 2,500 कागद, फोटो आणि वस्तू इस्रायलकडे आल्याचं सांगितलं गेलं. त्यात खोटे पासपोर्ट, घरच्यांना लिहिलेली पत्रं, शेवटचं हाताने लिहिलेलं पत्र आणि दमास्कसच्या त्या फ्लॅटच्या किल्ल्या. ज्या घरात नादिया कधी गेली नाही, ज्या घराबद्दल तिला कोणी सांगितलंही नव्हतं, त्या घराच्या किल्ल्या. एलीचे अवशेष अजून इस्रायलला परत मिळालेले नाहीत आणि नादियाची इतक्या वर्षांची मागणी ती एकच आहे, त्याला घरी आणा. त्यात कसलं राजकारण बघायचं, साठ वर्षांनी तरी ते द्यायला हवेत.

त्याच दप्तरात दमास्कसच्या त्या मित्रांच्या जबान्याही असतील, निदान काहींच्या तरी. एलीवर पुस्तकं झाली, सीरिज झाली, राइस्लिपच्या शेजाऱ्यांवर नाटक झालं. अबू रुम्मानाच्या फ्लॅटवर जेवायला येणाऱ्या, कामेलला आपला मित्र मानणाऱ्या एखाद्या सीरियन माणसाच्या बाजूने ही गोष्ट कोणीतरी लिहावी, तिथल्याच कोणीतरी, अरबीत, आणि मग कोणीतरी ती मराठीत आणावी. मी वाट बघतोय.